बघायचं तर थांबायचं

विलासदादा खैरनारांशी माझी पहिली भेट झाली तेव्हा मी हात पुढे केला आणि त्यांनी तो घेतला नाही.

दोन हजार बाराच्या आसपासची गोष्ट. न्युरेम्बर्गच्या ऑफिसात माझा पहिलाच आठवडा होता, आणि जर्मनीत हात मिळवण्याला किती महत्त्व आहे हे तेवढ्यातच माझ्या लक्षात आलं होतं. सकाळी आल्यावर हात, मीटिंगच्या आधी हात, मीटिंग संपल्यावर पुन्हा त्याच माणसाशी हात. त्यामुळे कॅन्टीनमध्ये कुणीतरी "हे मिस्टर खैरनार, तुमच्याच भागातले" अशी ओळख करून दिली तेव्हा मी तत्परतेने हात पुढे केला. खैरनार सरळ माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, चांगलं मोकळं हसत होते, आणि माझा हात आमच्या दोघांच्या मध्ये लोंबकळत राहिला.

"कुठले तुम्ही?"

"सांगलीचा."

"मी सटाण्याचा. या, बसा." एवढं बोलून ते कोपऱ्यातल्या टेबलाशी भिंतीला पाठ लावून बसले.

आमच्या विभागात ब्रुकनर नावाचे एक जुने गृहस्थ होते. दुपारी कॉफी घेताना ते मला म्हणाले, "तुमचा हा देशबांधव जरा हॉखनेझिग आहे." म्हणजे नाक वर करून चालणारा. हाक न मारता बाजूने गेलात तर ओळख दाखवत नाही, हातात हात देत नाही, कुणी दार धरून उभं राहिलं तरी आभार मानत नाही. मी मान डोलावली. माझा अनुभव वेगळा नव्हता.

हेच विलासदादा तिसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "सुहास, रविवारी काय करतोस?"

"काही नाही."

"बूट आहेत? घोट्याच्या वर येणारे?"

"नाहीत."

"मग शनिवारी बूट घे. रविवारी क्लामला जायचंय."

क्लाम म्हणजे नदीने खडक कापत कापत केलेली अरुंद, खोल घळ. दोन्हीकडे उभ्या भिंती, तळाशी पाणी, आणि पाण्याच्या कडेने जेमतेम एका माणसापुरती वाट. बव्हेरियात अशा घळी पुष्कळ आहेत आणि खैरनारांचे रविवार तिथे जायचे. पाच जणांचं एक बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियाभर दिवसभर चालणारं तिकीट, काढायचं, सकाळी स्टेशनवर जमायचं, दिवसभर चालायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं. मुक्काम कधी नाही. मी पहिल्या दिवशी गाडीत उत्साहाने "डेर क्लाम किती लांब आहे?" असं विचारलं, तर त्यांनी मला तिथेच थांबवलं. "डी क्लाम. स्त्रीलिंगी आहे. सात वर्षं जर्मन शिकून मला व्याकरणाशिवाय काही आलं नाही, निदान तेवढं तरी नीट बोल." ते दुसऱ्यांचं व्याकरण सुधारत, अगदी तिकीट तपासनिसाचं बोलणंही कान टवकारून ऐकत. कौतुक मात्र कुणाचं करत नसत. तुम्ही एखादी अवघड जागा छान पार केलीत तर म्हणत, "हां. पुढे."

त्यांच्यासोबत चालायचे काही नियम होते. पहिला असा की चालताना बोलायचं नाही. दुसरा त्यांच्या तोंडून दर अर्ध्या तासाला यायचा: "बघायचं तर थांबायचं. चालायचं तर बघायचं नाही." कुणी चालता चालता मान वर करून धबधबा बघायला लागलं की मागून हा आवाज यायचाच. तिसरा नियम जरा विचित्र होता. ते स्वतः कधी पुढे चालत नसत. त्यांच्या पुढे कुणीतरी भडक रंगाचं जाकीट घातलेला माणूस लागे. नव्या माणसाकडे तसं नसलं तर त्यांच्या पिशवीत एक नारिंगी जाकीट तयार असे. मला ते पहिल्याच दिवशी घालावं लागलं. बाह्या बोटांवर येत होत्या. आम्ही सगळे त्याला 'सुरक्षा' म्हणत असू आणि मनातल्या मनात हसत असू.

डबा मात्र शुभांगीवहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा. कळण्याची भाकरी, लसणाची चटणी, तव्यावर परतलेली मिरची. वहिनी स्वतः कधी येत नसत. "दगड बघायला एवढ्या लांब कशाला जायचं? सटाण्याला काय कमी होते?" असं त्या आम्हाला दारातच ऐकवत. इरा, त्यांची मुलगी, तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळे, पण ती उत्तरं जर्मनमध्येच देई. तीही रविवारी आईबरोबर घरीच थांबे.

घळींचं हे वेड कुठून आलं, असं मी एकदा गाडीत विचारलं. ते म्हणाले, स्पितीतून. इंजिनियर झाल्यावर त्यांची पहिली नोकरी जलविद्युत प्रकल्पावर होती. उंचावरचं वाळवंट, पाऊस नाही, झाड नाही, आणि त्यातून नदीने हजारो वर्षं खणत नेलेल्या खोल दऱ्या. सुट्टीच्या दिवशी हे नदीच्या कडेने निघत आणि दिवसभर चालून परत येत.

"तिथं आणि इथं काय फरक?" मी विचारलं.

"इथं हिरवं आहे, ओलं आहे, आणि काळोख आहे," ते म्हणाले. "तिथं उजेड इतका, की दरीच्या तळाशी बसून पेपर वाचावा. दगडाची रेघन् रेघ दिसायची. तसं मला पुन्हा कधी दिसलं नाही."

मी हे वाक्य त्या जागेच्या प्रेमात पडलेल्या माणसाचं समजलो.

त्या उन्हाळ्यात आम्ही गार्मिशजवळच्या एका क्लामला गेलो. तिथे वाट काही ठिकाणी खडकात कोरलेल्या बोगद्यांतून जाते. पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी दादा मागून म्हणाले, "सुहास, तुझ्या सॅकचा पट्टा सैल झालाय. थांब." त्यांनी पट्टा धरला. मी थांबलो, तर म्हणाले, "चाल, चाल, चालता चालता करतो." बोगदा संपेपर्यंत ते पट्टा आवळत होते. पुढच्या बोगद्यात पुन्हा तोच पट्टा सैल झाला. मी घरी येऊन सॅक तपासली. पट्टा पक्का होता. मला वाटलं, माणूस फारच काटेकोर आहे.

उलगडा झाला तो ऑक्टोबरअखेरच्या एका रविवारी. न्युरेम्बर्गजवळच्या 'फ्रँकिश स्वित्झर्लंड' नावाच्या डोंगराळ भागातली एक लहानशी घळ होती, अवघड काहीच नव्हतं. आमच्यात मीनल नावाची मुलगी होती, एर्लांगेनला पीएचडी करणारी, बोलायला फटकळ. तिच्या बुटाचा तळवा अर्ध्या वाटेत सुटला. दोरीने बांधला, पुन्हा सुटला, पुन्हा बांधला. ढग भरून आलेले, वर झाडांचं छत, दोन्हीकडे कडे. उजेड उतरायला लागला तसा दादांचा आवाज चढायला लागला.

"नीट बूट घेता येत नाहीत तुला? एवढी शिकलेली मुलगी!"

"अहो दादा, अर्ध्या तासाची वाट राहिलीय. काय होतंय?"

"चला म्हणतो ना! चला!"

आम्ही त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मुकाट्याने चालू लागलो. पुढे ओढ्यावर एक लाकडी पूल होता. मी पूल ओलांडून पलीकडे गेलो, माझ्यामागून मीनल आली, आणि वळून बघतो तर दादा अलीकडच्या काठावर उभे. दोन्ही काठ्या जमिनीत रोवलेल्या.

"काय झालं?"

"पूल कुठे आहे?"

आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. पूल त्यांच्या पुढ्यातच होता. वाटेच्या खांबावर लावलेली पाटी मला अजून वाचता येत होती, इतका उजेड होता.

"मला दिसत नाहीये," ते म्हणाले. आवाजात आता राग अजिबात नव्हता. "कुणीतरी या इकडे."

मी परत गेलो. त्यांनी माझ्या सॅकचा पट्टा धरला, आणि या वेळी तो सैल झाल्याचं काही सांगितलं नाही. गावापर्यंत आम्ही तसेच आलो.

परतीच्या रेल्वेत बसल्यावर त्यांनी स्वतःच सांगायला सुरुवात केली. लहानपणी संध्याकाळी खेळताना ते धडपडत. आईने गाजरं खाऊ घातली, कुणीतरी सांगितलं म्हणून बकऱ्याची कलेजी खाऊ घातली. रातांधळा म्हणून पोरं चिडवायची. स्पितीत सोबतीचे लोक अंधार पडल्यावरही बिनधास्त चालत, तेव्हा ह्यांना वाटे, त्यांना सवय असेल. आता गेली काही वर्षं कडेचं दिसत नव्हतं. समोरचा माणूस दिसायचा, त्याचा चेहरा दिसायचा, पण खाली, बाजूला काय आहे ते दिसत नसे. नळीतून बघितल्यासारखं. आणि ती नळी बारीक होत होती.

"डॉक्टरला दाखवलंत?" मीनलने विचारलं.

"दाखवायचं म्हणजे काय, चष्म्याचा नंबर असेल."

"वहिनींना माहितेय?"

ते काठ्यांचे पट्टे गुंडाळत बसले.

"दादा, तुम्ही गाडी चालवता ना?"

"दिवसा चालवतो."

"इराला पोहायला सोडता तेव्हा संध्याकाळ असते."

"मीनल, पुरे."

"पुरे नाही. उद्या तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणार आहात, की मी वहिनींना फोन करू?"

"तू कोण मला सांगणारी?"

"मी कुणी नाही," मीनल म्हणाली. "मी रस्त्यावरून चालणारी बाई आहे."

न्युरेम्बर्ग आलं तेव्हा दादा उठले आणि मीनलला म्हणाले, "बूट घे नवे." तेवढंच.

त्याच आठवड्यात ते डॉक्टरकडे गेले. पुढे मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. रेटिनायटिस पिगमेंटोसा असं नाव निघालं. डोळ्याचा पडदा कडेकडून मरत येतो, औषध नाही, किती वेगाने जाईल ते सांगता येत नाही. घरी सांगितलं तो प्रसंग वहिनींनी मला नंतर सांगितला. त्या पोळ्या लाटत होत्या. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि मीटिंगमध्ये सांगावं तसं सगळं क्रमाने सांगितलं. "मी लाटणं खाली ठेवलं," वहिनी म्हणाल्या, "आणि पहिलं काय विचारलं असेल? म्हटलं, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही आमच्या अण्णांना नमस्कार न करता पुढे गेलात, ते दिसलं नाही म्हणून? मी चौदा वर्षं त्यावरून बोलतेय यांना!" इरा टेबलाशी गृहपाठ करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दास वुस्ट इष दोख." म्हणजे, हे मला तर माहीतच होतं. जिन्यात पप्पा पायऱ्या मोजतात हे तिने केव्हाच ओळखलं होतं. तिला वाटलं होतं, मोठ्यांना माहीत असेल.

गाडी चालवण्याचा परवाना त्यांनी स्वतः जाऊन परत केला. काउंटरवरच्या बाईने विचारलं, तुम्हाला कुणी करायला लावलंय का? हे म्हणाले, हो, एका रस्त्यावरून चालणाऱ्या बाईने. गाडी विकली. वहिनींना चालवता येत नव्हती.

ऑफिसात त्यांनी लपवलं नाही. सोमवारच्या विभागीय बैठकीत शेवटी हात वर केला, उभे राहिले, आणि एकही विभक्ती न चुकवता सांगितलं की माझ्या डोळ्यांचं असं असं आहे. तुम्ही हात पुढे केलात आणि मी घेतला नाही, तर तो मला दिसलेला नसतो. कृपया तोंडाने 'हांट', म्हणजे हात, असं म्हणा. जर्मन माणसाला एकदा पद्धत सांगितली की तो ती सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या मजल्यावर सकाळी चारी बाजूंनी "हांट! हांट!" असे आवाज उठायला लागले. ब्रुकनर तर लिफ्टमधून उतरतानाच ओरडत. त्यांनी एकदा स्वतःच्या जुन्या, वजनाला हलक्या चालण्याच्या काठ्या आणून दादांच्या टेबलावर ठेवल्या. दादांनी त्या वर्षानुवर्षं वापरल्या.

पुढे त्यांना अपंगत्वाचं ओळखपत्र मिळालं. त्यात सोबतच्या माणसाला रेल्वेत तिकीट लागत नाही अशी सोय होती. ते कार्ड घेऊन घरी आले आणि वहिनींना म्हणाले, "आता तू माझी बेग्लाइटपेर्झोन, सोबतीण. सरकारने लिहून दिलंय. जर्मनीत कुठेही माझ्याबरोबर फुकट."

"मला कुठे जायचंच नाहीये," वहिनी म्हणाल्या.

पण गेल्या. कारण दादांनी डॉक्टरांचं बोलणं ऐकून एकच निष्कर्ष काढला होता: जेवढं दिसतंय तेवढ्यात बघून घ्यायचं. पूर्वी महिन्यातले दोन रविवार जायचे ते आता चारही जाऊ लागले. इतक्या वेळा जायला आम्हाला कुणाला जमेना, आणि मीनल पीएचडी संपवून म्युनिकला गेली. मग वहिनींनी बूट घेतले.

वहिनी येऊ लागल्या तसा पहिला नियम मोडला. त्यांना गप्प राहून चालता येत नसे. त्या पुढे, दादा त्यांच्या मागे दोन हातांवर, आणि वहिनींचं तोंड अखंड चालू. "उजवीकडे मूळ आलंय हां, मोठं आहे. तर ती म्हणाली, सासूबाई सहा महिने राहणार. आता दोन पायऱ्या खाली, दुसरी ओली आहे. मी म्हटलं, अगं, व्हिसा तीन महिन्यांचा असतो ना! डोकं खाली घ्या, फांदी. तर म्हणते कशी…" न्युरेम्बर्गपासून सटाण्यापर्यंत सगळ्यांची हकीकत त्या वाटेवर सांडत जायची, आणि तिच्या मधेमधे दगड, मुळं, पायऱ्या. मी एकदा दादांना म्हटलं, "तुमची शांतता गेली की."

ते म्हणाले, "ती गप्प झाली की मी थांबतो. तेवढं सोपं आहे."

कधी वहिनींना एखादा देखावा खरंच आवडे. मग त्या थांबत, त्यांना खांद्याला धरून फिरवत आणि सांगत, "इकडे बघा. जरा वर. अजून वर. दिसलं?" दादा ती आपली बारीक नळी हळूहळू त्या कड्यावरून फिरवत, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, भिंतीला रंग लावणाऱ्या ब्रशसारखी. वेळ लागे. मग म्हणत, "हां. पुढे."

एका जूनमध्ये मात्र त्यांनी हट्ट केला. आल्प्समधली एक घळ होती, तिच्या वरच्या टप्प्यात लोखंडी तारेला धरून जायचं होतं. तिथे पाटी होती: पाय पक्का असणाऱ्यांसाठीच. मी बरोबर होतो. वहिनींनी पाटी वाचली आणि दगडावर बसल्या.

"मी येत नाही, आणि तुम्हालाही जाऊ देत नाही."

"शुभा, पुढच्या वर्षी मला हे दिसणार नाही."

"नका दिसू. मला तुम्ही दिसायला हवेत."

"सुहास येतोय बरोबर."

"सुहास, तुम्ही नेलंत तर मी तुमच्याशी आयुष्यात बोलणार नाही."

मी जागेवरून हललो नाही. दादा म्हणाले, फक्त त्या वळणापर्यंत जातो, तार आहेच धरायला. आणि गेले. वळणाच्या अलीकडे, जिथे वाट चांगली रुंद होती, तिथेच त्यांचा पाय कडेच्या मोकळ्या दगडावर पडला. ते घसरले. उंची माणसाएवढीही नव्हती, खाली पाणीही गुडघाभरच, पण पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. बचाव पथकातला तरुण आला, त्याने हात बांधला, अपंगत्वाचं कार्ड बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला दिसत नाही, मग इथे कशाला आलात?" दादा म्हणाले, "बघायला." तो हसला नाही. वहिनी तर नाहीच.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते कुठेही गेले नाहीत. प्लास्टर निघालं, मनगट बरं झालं, तरी नाही. वहिनींनी बंदी घातली असं त्या सांगत, पण खरं तर त्यांना बंदीची गरजच पडली नव्हती. दादांनीच विषय काढणं सोडलं होतं. ऑफिसात पडद्यावरची अक्षरं मोठी केली, मग त्याहून मोठी, मग यंत्राने वाचून दाखवायला सुरुवात झाली. मधली नजरही धुरकट होत होती. मी रविवारी घरी गेलो की ते रेडिओ लावून सोफ्यावर बसलेले असत. कुणी व्याकरण चुकलं तरी सुधारत नसत. ते मला सगळ्यांत जास्त खटकायचं. मी एकदा मुद्दाम "डेर क्लाम" म्हणून बघितलं. ते नुसते "हं" म्हणाले.

मग पुढच्या एप्रिलमध्ये एका बुधवारी मला शहराबाहेर काम होतं. परतताना एस-बानच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, एका लहान स्टेशनवर गाडी थांबली आणि समोरच्या दारातून शुभांगीवहिनी आत आल्या. एकट्या. बुटांना चिखल, सलवार गुडघ्यापर्यंत ओली, केसांत काटक्या. मला बघून दचकल्या.

"वहिनी? इकडे कुठे?"

"यांना सांगू नका," त्या पहिलं तेच म्हणाल्या. मग माझ्या शेजारी बसल्या आणि ओढणीने तोंड पुसलं.

त्या स्टेशनापासून श्वार्झाखची घळ जवळ आहे. वाळूच्या दगडाची, सोपी, शहरातले लोक मुलंबाळं घेऊन जातात अशी. वहिनी तिथे जाऊन आल्या होत्या. आधीच्या बुधवारीही गेल्या होत्या, त्याच्या आधीच्याही. इराला शाळेत पाठवलं, ह्यांना ऑफिसच्या बसमध्ये बसवलं की ह्या गाडी पकडायच्या आणि ती घळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायच्या. दर वेळी थोडा भाग डोळे मिटून.

"डोळे मिटून?"

"मग! त्यांना काय लागतं ते मला कसं कळणार? मी सांगत होते इतके दिवस, मूळ आलं, पायरी आली. पण त्यांना मूळ कधी ऐकायला हवं, एक पाऊल आधी की दोन, ते मला माहीतच नव्हतं. मी उशिरा सांगत होते सुहास. सगळं उशिरा सांगत होते." त्यांनी बाही वर करून कोपर दाखवलं. खरचटलेलं होतं. "आज दोनदाच पडले."

ही तीच बाई, जी न्युरेम्बर्गच्या स्टेशनात बाहेर पडायचं दार चुकायची आणि नवऱ्याला फोन करायची. दादांना तिने काय सांगितलं, कसं तयार केलं, ते मी विचारलं नाही. पण मे महिन्यात मला दादांचा फोन आला. "रविवारी काय करतोस?"

तो रविवार मी विसरलेलो नाही. वहिनी पुढे होत्या आणि आता त्या वेगळं बोलत होत्या. गावगप्पा होत्याच, पण त्यांच्यामधली सूचना दोन पावलं आधी येत होती, आणि दादांचा पाय तिथे बरोबर उचलला जात होता. ते दगडाच्या भिंतीवरून तळहात फिरवत चालत होते. एका जागी थांबले, आणि म्हणाले, "इथे पाणी कमी झालंय. मागे जास्त होतं."

"अहो, रुंद झालीय नदी इथे," वहिनी म्हणाल्या. "तेवढंच आहे पाणी. पसरलंय."

"हां," दादा म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "शुभा, तू चांगलं चालवतेस."

वहिनी काही बोलल्या नाहीत. आणि त्या गप्प झाल्या म्हणून दादा थांबले.

त्यानंतर मी नोकरी बदलून कार्ल्सरूहेला गेलो. भेटी कमी झाल्या, फोन होत राहिले. दादांनी लवकर निवृत्ती घेतली नाही, यंत्राच्या मदतीने काम चालू ठेवलं. इरा आता त्यांच्याहून उंच झाली होती. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात वहिनींनी कळवलं की आम्ही आठवडाभर ब्लॅक फॉरेस्टला येतोय, सोमवारी परतताना तुमच्याकडे जेवायला येऊ. मी भाजीही आणून ठेवली होती. पण सोमवारी इराला ताप आला आणि ते परस्पर न्युरेम्बर्गला गेले. मी त्याच वर्षाअखेर पुण्याला परत आलो. आजही बोलणं होतं. दादा फोनवर माझ्या विसरत चाललेल्या जर्मनची कीव करतात. पण त्यांना शेवटचं बघितलं ते त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी, आणि ते त्यांना माहीत नाही.

त्या शनिवारी मी ऑफिसातल्या लोकांबरोबर ब्लॅक फॉरेस्टमधल्या वुटाखच्या घळीत गेलो होतो. मंडळी मागे रेंगाळली होती, मी एकटाच पुढे आलो होतो. एका वळणावर कडे मागे सरकतात, झाडी उघडते आणि नदी गोट्यांच्या मोकळ्या पात्रात पसरते. दुपारचं ऊन तिथे थेट खाली येत होतं. पात्राच्या कडेला एका चादरीवर वहिनी झोपल्या होत्या. बूट काढलेले, चेहऱ्यावर ओढणी, एक हात डोक्याखाली. दमलेल्या माणसाची गाढ झोप होती ती. त्यांच्या उशाशी दादा मांडी घालून बसले होते, ताठ, पहाऱ्याला बसल्यासारखे. वहिनींच्या अंगावर सावली पडावी म्हणून त्यांनी आपलं जाकीट दोन काठ्यांवर ताणून धरलं होतं. ऊन सरकलं की गालावर त्याची ऊब येते त्यावरून ते काठ्या जराशा हलवत होते.

मी हाक मारणारच होतो. तेवढ्यात माझ्या बुटाखाली गोटे वाजले. दादांनी झटकन माझ्याकडे तोंड केलं. कोण आहे ते त्यांना दिसलं नव्हतं, कळलंही नसणार. एका अनोळखी माणसासमोर करावं तसं, त्यांनी एक काठी मांडीत धरून हात मोकळा केला आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी थांबलो. मग गोटे वाजणार नाहीत अशा बेताने, एकेक पाऊल उचलून, वाळूच्या कडेकडेने पुढे निघून गेलो.